वगळलेली पावलं

मैदानाने हिंदुराव सरनोबतांना विचारलेला पहिला प्रश्न अगदी साधा होता. नवं टर्फ अंथरून आठवडाही झाला नव्हता. सकाळी ते चहा पीत बसले होते आणि फोनवर अक्षरं उमटली : ‘अनोळखी अनवाणी पाऊल. रोज येते. नोंद करायची का?’ खाली दोन चौकोन होते. एकावर ‘नोंदवा’, दुसऱ्यावर ‘वगळा’.

हिंदुरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. त्यांच्या घराची मागची भिंत आणि मैदानाची भिंत एकच होती आणि त्या भिंतीत एक लहानसं दार होतं. दारापलीकडे शालन, त्यांची बायको, पदर खोचून टर्फवर पडलेली पिंपळाची पानं वेचत होती. हे ती गेली वीस वर्षं रोज करत आली होती. आधी मातीवर, मग पाणी मारून भिजवायच्या टर्फवर, आता या कोरड्या टर्फवर.

“अगं, मैदान विचारतंय, तू कोण म्हणून,” ते खिडकीतून म्हणाले.

“मग सांगा की, मालकीण हाय म्हणून.”

ते हसले आणि त्यांनी ‘वगळा’ दाबलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला. तिसऱ्या दिवशीही आला. मग त्यांनी आत जाऊन ‘कायमचे वगळा’ असा एक चौकोन शोधून काढला. त्यानंतर मैदानाने पुन्हा कधी विचारलं नाही.

शालनला जाऊन आता आठ महिने झाले होते.

हे मैदान कोल्हापुरातल्या शिवशंभू हॉकी मंडळाचं. मंडळाचा जन्म एका तालमीत झाला होता. कुस्ती सोडून हॉकीच्या नादी लागलेल्या दहाबारा पोरांनी ते काढलं आणि तालमीची एक रीत बरोबर आणली : आखाड्यात जसं पायताण घालून जात नाहीत, तसं मैदानातही जायचं नाही. खेळाडूंनी मैदानापुरते वेगळे बूट ठेवायचे, बाकी सगळ्यांनी चपला काठावर काढायच्या. हिंदुराव मंडळाचे प्रशिक्षकही होते आणि सचिवही. ही रीत ते अध्यक्षांनाही मोडू देत नसत.

पाण्याच्या टर्फवर सरकारने बंदी आणली, त्या वर्षी मंडळाकडे जादा पैसे आले होते. थोडं अनुदान होतं, थोडं स्पर्धेचं बक्षीस. दोन रस्ते होते. साधं कोरडं टर्फ घेतलं असतं तर बरेच पैसे उरत होते. दुसरा रस्ता म्हणजे पावलं वाचणारं टर्फ. त्यात सगळे पैसे जात होते.

“साधं घ्या,” शालन जेवताना म्हणाली होती. “आन् उरलेल्यात पोरींना कपडे बदलायला खोली बांधा. संडास, नळ आन् आतनं कडी. लई काय नको.”

“तू हैस की. आपलं घर काय लांब हाय?”

“मी काय जन्माला पुरणार हाय व्हय?”

हिंदुरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय बदलला. महिन्याभरात वाचणारं टर्फ आलं. टर्फची एक गुंडाळी उरली, ती वाया जाऊ नये म्हणून मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यात, प्रेक्षकांच्या पायऱ्या आणि भिंत यांच्यामध्ये, अंग गरम करायची पट्टी म्हणून अंथरली. खोलीसाठी शालनने नेमकी तीच जागा दाखवली होती.

वाचणाऱ्या टर्फची करामत समजायला अवघड नव्हती. हिरव्या धाग्यांखाली रबराचा थर आणि त्या थरात केसासारख्या बारीक काचेच्या तारांचं जाळं. प्रत्येक तारेतून सतत प्रकाश धावत असे. वर पाऊल पडलं की तार किंचित वाकायची आणि प्रकाशात किंचित फरक पडायचा. एवढ्यावरून यंत्राला कळे की पाऊल कुठे पडलं, टाच आधी टेकली की चवडा, भार किती होता आणि पाय किती वेळ जमिनीवर राहिला. याच तारांमधून रंगीत प्रकाश वर सोडून सरावाच्या रेषाही उमटवता येत.

चाल ही माणसाच्या सहीसारखी असते. दोघांची सारखी नसते. आणि चालतो पाय असं आपल्याला वाटत असलं तरी चालवतो मेंदू. स्नायू दुखावणार असेल, सांधा झिजत असेल, मेंदूत किंवा मणक्यात काही बिघडत असेल, तर माणसाला स्वतःला कळण्याच्या कितीतरी आधी त्याचं पाऊल बदलतं. ते इतकं थोडं बदलतं की डोळ्याला दिसत नाही. तारांना दिसतं.

हे सगळं खेळाडूंसाठी होतं. प्रत्येक खेळाडूच्या बुटाची आणि चालीची नोंद यंत्रात केली होती. तीन वर्षांत एकाही मुलीचा गुडघा अचानक गेला नाही आणि मुलींचा संघ राष्ट्रीय क्लब स्पर्धा जिंकून आला. हिंदुराव सगळ्यांना अभिमानाने मैदान दाखवत फिरत.

त्याच काळात शालनची डावी चप्पल चालता चालता पायातून निसटायला लागली होती. स्वयंपाकघरातून मागच्या ओट्यावर येताना ती थांबायची आणि मागे वळून चप्पल पायात सरकवायची.

“सैल झाल्यात,” ती म्हणाली.

हिंदुरावांनी तिला मागे पट्टा असलेली नवी जोडी आणून दिली. मग चप्पल निसटायची थांबली. वर्षभराने ती उंबऱ्यात पडली तेव्हा डॉक्टरांनी डोक्याचं स्कॅन काढलं. मेंदूच्या आवरणावर, डोक्याच्या मधोमध गाठ होती. कर्करोगाची नव्हती. पायाला हुकूम देणारा मेंदूचा भाग तिथेच असतो. लहान असताना अशी गाठ काढणं सोपं जातं, डॉक्टर म्हणाले, पण आता ती मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे. शस्त्रक्रियेनंतर शालन शुद्धीवर आली नाही.

तेराव्यानंतर हिंदुरावांनी भिंतीतल्या दाराला आतून कडी घातली. ते दार वाजलं की त्यांना बघवत नसे कोण आलं ते. पुढे ते तसंच राहिलं.

आता मुलींच्या विजेतेपदामुळे मंडळाकडे पुन्हा जादा पैसे आले होते. टर्फची हमी याच महिन्यात संपत होती, म्हणून बसवणाऱ्या कंपनीची केतकी वझे शेवटच्या तपासणीला पुण्याहून आली. चपला काठावर काढून ती टर्फवर उकिडवी बसली आणि सांधे तपासू लागली.

“हमी संपली की जुने ठसेही पुसले जातील, सर,” ती सहज म्हणाली. “टर्फ कुठे उसवलं तर कारण शोधता यावं म्हणून सगळ्यांचे कच्चे ठसे तीन वर्षं ठेवतो आम्ही.”

“सगळ्यांचे म्हणजे खेळाडूंचे.”

“सगळ्यांचे. तुमचे, माझे, मांजराचे.”

हिंदुरावांनी भिंतीतल्या दाराकडे पाहिलं. “वगळलेले असले तरी?”

“वगळलं म्हणजे मैदानाने विचारायचं थांबवलं. बघायचं नाही थांबवत ते.”

ते वाकले आणि त्यांनी टर्फला तळहात टेकवला. केतकीला वाटलं, ऊन लागलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

त्या दिवसानंतर हिंदुरावांनी एकच धोशा लावला. कंपनीचा एक ‘आरोग्य विस्तार’ होता. तो घेतला की मैदानावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाची चाल वाचली जाणार, त्याला बदल कळवला जाणार आणि जुने ठसेही कायमचे राहणार. बक्षिसाचे सगळे पैसे त्यात जात होते. त्यांनी अध्यक्ष आण्णासाहेब चौगुल्यांना पटवलं. आण्णासाहेबांची दूध डेअरी होती आणि यंत्रांवर त्यांचा विश्वास होता.

“तस्लीमचंच बघा,” हिंदुराव त्यांना म्हणाले. तस्लीम मुजावर ही संघाची सगळ्यात तेज खेळाडू. पेनल्टी कॉर्नर तिच्याशिवाय कोणी मारत नसे. “गेले काही महिने मैदान सांगतंय, ती लवकर थकते. मांडीचा मागचा स्नायू आखडतोय. का, ते या यंत्राला कळत नाही. विस्तार घेतला तर कळंल.”

“मग घेऊया की. रविवारच्या बैठकीत ठराव आणा. तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणणार हाय?”

हे खरं होतं आणि तेच हिंदुरावांना टोचत होतं. तस्लीमचं नाव त्यांनी पुढे केलं होतं. त्यांना हवी होती ती शालनची पावलं. मंडळाच्या पैशाने ते आपल्या बायकोचे ठसे विकत घेणार होते आणि हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी दिवेलागणीला केतकीने त्यांना नमुना दाखवला. मैदानात दोघंच होते. तिने हातातल्या टॅबलेटच्या पाटीवर तारीख निवडली आणि भिंतीतल्या त्या दारापाशी टर्फवर एक पांढरं पाऊल उजळलं. मग दुसरं. अनवाणी, लहान, अंगठा जरा बाहेरच्या बाजूला. पावलं काठाकाठाने पुढे निघाली. मध्येच थांबत होती, जिथे पान पडलेलं असेल तिथे.

हिंदुराव दोन हात मागे राहून त्यांच्याबरोबर चालले. आयुष्यभर ते बायकोच्या पुढे चालत आले होते.

“आता पुढच्या तारखा बघू,” केतकी हळू म्हणाली.

डावं पाऊल बदलत गेलं. आधी चवड्याची कड धूसर झाली. मग तिथून एक बारीक शेपटी निघाली. पाय उचलला जात नव्हता, ओढला जात होता.

“हे कधीचं?”

“पडल्या त्याच्या सव्वा वर्ष आधीपासून दिसतंय.”

“कळलं असतं?”

केतकीने पाटी खाली केली. “मैदानाला कळलं असतं. नोंद असती तर त्याने तुम्हाला सांगितलं असतं. पुढे तुम्ही डॉक्टरकडे गेला असता का, ते मला कसं सांगता येईल, सर?”

“मी चपला आणून दिल्या,” हिंदुराव म्हणाले. तिला त्याचा अर्थ लागला नाही.

पावलं ईशान्य कोपऱ्यातल्या पट्टीवर पोचली आणि तिथे काहीतरी भलतंच झालं. एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच चिकटून, अगदी मुंगीच्या चालीने, ती सरळ रेषेत गेली. मग काटकोनात वळली. पुन्हा तशीच गेली, पुन्हा वळली.

“इथे मात्र मला कळत नाही,” केतकी म्हणाली. “मेंदूवर दाब आला की पावलं अशी आखूड होतात. पण हे टर्फ नवीन असतानाही आहे. दर थोड्या दिवसांनी, याच जागी. कदाचित सुरुवात तेव्हापासूनच असेल. विस्तार घेतलात तर खोलात जाऊन बघता येईल.”

म्हणजे दोन वर्षांहून जास्त. हिंदुराव त्या चिकटलेल्या पावलांकडे बघत राहिले. बायको एवढा काळ डोळ्यांसमोर आजारी होती आणि आपण खिडकीत बसून चहा पीत होतो.

रविवारी सकाळी सराव होता. बैठक दुपारी. तस्लीम धावता धावता थांबली आणि मांडी धरून खाली बसली. त्याच वेळी हिंदुरावांच्या खिशात फोन थरथरला. मैदानाचं नेहमीचंच म्हणणं असणार. त्यांनी फोन न काढता तिला पट्टीवर बोलावलं.

“बूट काढ. पाय लांब कर. पाणी किती प्यालीस सकाळपासनं?”

“प्यालोय की, सर.”

“बाटली दाखव.”

बाटली काठोकाठ भरलेली होती. तस्लीम बुटाची नाडी सोडू लागली. ती सुटलेलीच होती.

“चार महिने घसा फोडून सांगतोय मी पाणी प्या, पाणी प्या. का पीत नाहीस?”

“प्यालं की जावं लागतंय, सर.”

“मग जायचं.”

“कुठं?”

पायऱ्यांवर बसलेल्या मुली एकदम बुटांच्या नाड्या बांधण्यात गुंतल्या.

“काकी हुत्या तवा मागच्या दारानं तुमच्यात जायचो सगळ्या,” तस्लीम म्हणाली. “कपडे तिथंच, सगळं तिथंच. महिन्याचं काय असलं तरी त्या बघायच्या. आता तुमी एकटं असताय. आन् दाराला कडी असते. मग घरनंच कपड्याच्या आत खेळायचे कपडे घालून येतो. आन् पाणी पीत न्हाई. सगळ्याच पीत न्हाईत, मी एकटी न्हाई.”

“सांगायचं नाहीस का मला?”

“काय सांगणार? तुमी आधीच…” ती थांबली. “आन् मैदान सांगतंय तुमास्नी सगळं, असं वाटलं.”

पायऱ्यांवर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तस्लीम मांडी चोळत पट्टीकडे बघत होती. “काकी म्हणायच्या, खोली हुणार. इथंच. पैसे आले की सर बांधतील, मापं घेऊन ठेवल्यात मी. पायानं मोजायच्या बगा, अशी टाचंला टाच लावून. आमी हसायचो. त्या म्हणायच्या, हसा, आन् मग खोलीत एकीला एक चिकटून उभं ऱ्हावं लागलं की मला नावं ठेवा. मग परत मोजायच्या. जरा वाढवायच्या.”

हिंदुरावांनी वळून त्या पट्टीकडे पाहिलं. दिवसाच्या उजेडात तिथे काहीच नव्हतं, नुसतं हिरवं टर्फ. पण कालचा चौकोन त्यांना दिसत होता. एक बाजू पायऱ्यांना समांतर, दुसरी भिंतीला. कोपऱ्यात एक छोटा चौकोन वेगळा काढलेला.

ते उठून घरात गेले. कडी गंजली होती, ती त्यांनी बत्त्याने ठोकून काढली. मग दार सताड उघडं ठेवून मैदानात आले आणि पुढच्या दाराची किल्ली तस्लीमच्या हातात दिली.

“सराव असला की घर तुमचं. मी या पायऱ्यांवर बसंन, आत येणार नाही. पुढचं दार आतनं लावून घेत जा.”

“सर, तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“मला कळलं तुला काय म्हणायचं हुतं. आधी पाणी पी.”

दुपारच्या बैठकीत आण्णासाहेबांनी चहा येण्याआधीच ठराव वाचायला घेतला. हिंदुरावांनी त्यांना थांबवलं.

“आण्णा, हा ठराव मी मागं घेतोय. या पैशात मुलींसाठी खोली बांधायची. संडास, नळ, आतनं कडी.”

“आठ दिवस माझ्या डेअरीवर येऊन डोकं खाल्लंस तू,” आण्णासाहेब म्हणाले. अहोजाहो सुटलं होतं. “यंत्राशिवाय पोरगी लंगडी हुणार म्हणालास. आता एकदम संडास?”

“पोरगी पाणी पीत नाही म्हणून आखडती. संडास नाही म्हणून पाणी पीत नाही. मैदानानं अर्धं सांगितलं होतं. उरलेलं मी तिला विचारायला पायजे हुतं.”

“खोली पुढच्या वर्षी बांधू की. पैसे येतच असतात.”

“मागच्या वेळीही मी हेच म्हणालो होतो. त्या खोलीच्या जागेवर मीच पट्टी अंथरली.” हिंदुराव टेबलाकडे बघत बोलत होते. “आणि दुसरं. विस्तार मला माझ्यासाठी हवा होता. शालनची पावलं त्यात आहेत. ती पुसली जाऊ नयेत म्हणून तुमच्याकडनं पैसे काढत होतो. तस्लीमचं नाव नुसतं पुढं केलं.”

चहा आला आणि सगळ्यांनी तो गरजेपेक्षा सावकाश घेतला.

“पावलांपुरतं आमी वर्गणी काढतो, हिंदुराव,” आण्णासाहेब शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. “वहिनींच्या हातचं सगळ्यांनी खाल्लंय.”

“नको. तिनं काय मागितलं होतं ते मला ऐकू आलं होतं. पावलं ठेवा असं नव्हतं म्हणाली ती.”

हमीच्या शेवटच्या दिवशी दुपारी केतकीचा फोन आला.

“संध्याकाळी पुसले जातील, सर. काही दिवसांचे ठसे मी बाजूला काढून देऊ शकते. नियमात बसत नाही, पण देईन.”

हिंदुराव पायऱ्यांवर बसले होते. भिंतीतल्या दारातून मुलींचा हसण्याचा आवाज येत होता. आत कुणाचा तरी डबा पळवला गेला होता.

“त्या पट्टीवरचा आकडा तेवढा सांगा,” ते म्हणाले. “शेवटचा मोजला तो. लांबी आणि रुंदी, तिच्या पावलांत.”

केतकीने सांगितलं. ते त्यांनी तळहातावर पेनाने लिहून घेतलं.

“आणि बाकीचं?”

“पुसा.”

फोन ठेवल्यावर ते मैदानाच्या यंत्रात गेले आणि ‘कायमचे वगळा’वरची खूण काढून टाकली. आता ती काढून कोणाचा काही फायदा नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तरी काढली.

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. त्याच्या माणसांनी ईशान्य कोपऱ्यातली पट्टी कापून गुंडाळली. काचेच्या तारा तुटल्या तशी हिंदुरावांच्या फोनवर तक्रारींची रांग लागली. त्यांनी फोन पायरीवर पालथा ठेवला.

“किती बाय किती धरू, सर?” गवंड्याने कमरेचा टेप काढला.

“थांब जरा. टेप नको.”

ते घरात गेले. मागच्या ओट्यावर, दाराच्या आतल्या बाजूला, शालनच्या पट्ट्याच्या चपला आठ महिने तशाच पडल्या होत्या. डावीचा पट्टा जास्त घासला होता, चवड्याखालचा रबर झिजून गेला होता. तो त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. त्यांनी दोन्ही चपला उचलल्या, सदऱ्याने पुसल्या आणि मैदानात आले. स्वतःच्या चपला काठावर काढल्या.

भिंतीपाशी गुडघे टेकून त्यांनी डावी चप्पल मातीवर ठेवली. तिच्या टोकाला उजवीची टाच लावली. मग डावी उचलून पुढे. गवंडी चुन्याच्या फक्कीची बादली घेऊन मागे उभा होता आणि काय चाललंय ते त्याला समजत नव्हतं. तस्लीम बाटली तोंडाला लावून पाणी प्यायली, मग तिने बादली त्याच्या हातातून घेतली आणि चपलांच्या मागोमाग पांढरी रेघ ओढू लागली.

कोपरा आला तेव्हा हिंदुरावांनी तळहात उघडून आकडा पाहिला. घामाने तो पुसट झाला होता.

“अजून एक घ्या, सर,” तस्लीम म्हणाली. “काकी दर वेळी जरा वाढवायच्या.”

त्यांनी डावी चप्पल आणखी एकदा पुढे ठेवली.